छताला बांधलेला दादरा

धूर आणि विषारी वायू ओळखणारी दोन यंत्रे आमच्या घरी आली, त्याला माझ्या मुलीच्या कार्यालयातील एक कवायत कारणीभूत झाली. आमच्या शहराबाहेरच्या सिरुसेरीतील तिच्या कंपनीत एके दुपारी आगीचा सराव झाला. अकराव्या मजल्यावरून सगळ्यांना जिन्याने खाली उतरवले, उन्हात उभे केले आणि कोणा अधिकाऱ्याने अर्धा तास व्याख्यान दिले. इतरांनी ते फोनवर बोटे फिरवीत ऐकले असावे. माझ्या मुलीने मात्र ते मनावर घेतले, आणि पुढच्याच शनिवारी ती ड्रिल मशीन व दोन पांढऱ्या डब्या घेऊन घरभर फिरू लागली. गोल डबी तिने दिवाणखान्याच्या छताला लावली. चौकोनी डबी लावली आतल्या खोलीच्या भिंतीवर, कारण त्या खोलीच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे.

"अप्पा, नीट ऐका," ती स्टुलावरून उतरत म्हणाली. "छतावरचं आहे ना, ते धुराला ओरडतं. ते ओरडलं तर काय जळतंय ते बघायचं. भिंतीवरचं कार्बन मोनॉक्साइडला ओरडतं. त्या वायूला रंग नाही, वास नाही. ते ओरडलं तर बघत बसायचं नाही, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं, सांगा."

मी शब्दशः सांगितले. स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "त्यांचं पाठांतर चांगलंच आहे गं. वेळ आली की मात्र बोलू का, बोलू का करत उभे राहतील."

या शेऱ्यात अन्याय काही नव्हता. बत्तीस वर्षे मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केले. हळू बोलणे तिथे गुण समजला जातो, त्यामुळे माझा मूळचा दोष नोकरीभर कोणाच्या लक्षातच आला नाही. निवृत्तीनंतर तो उघडा पडला. भाजीवालीने जुनी भेंडी टोपलीत टाकली तर मी ती घेऊन येतो. रिक्षावाल्याने चुकीचे वळण घेतले तर पुढचे एखादे वळण त्याला आपसूक बरोबर नेईल, अशी आशा धरून बसतो.

त्याच वर्षी, दीपावळीला अडीच महिने उरले असताना, माझी आत्या तंजावरहून आमच्याकडे राहायला आली. माझे सगळे शालेय शिक्षण तिच्या घरी झाले. तिने मला भरवले, न्हाऊ घातले, पाढे शिकवले. आता ती ब्याऐंशी वर्षांची होती आणि तिथल्या घरात एकटी होती. उन्हाळ्यात ती मागच्या अंगणात पडली आणि कोणीतरी येईपर्यंत दोन तास तशीच पडून राहिली. ही गोष्ट तिने आम्हाला आठवड्याने, आंब्याच्या भावाबरोबर सांगितली. तिला आणायला मी स्वतः गेलो. येताना गाडीत तिने अट घातली.

"दीपावळीपर्यंत बघते. मी तुम्हाला अडचण झाले असं एकदा जरी वाटलं, तरी मी आपली परत. मग मला अडवायचं नाही."

"बरं," मी म्हणालो. पण ती परत गेली तर पुढच्या वेळी ते दोन तास चार होतील, हे मला स्वच्छ दिसत होते. तिने राहावे, एवढीच त्या दिवसांत माझी इच्छा होती. मुलीला आणि पत्नीला मी बजावून ठेवले, की आत्याला कशालाही नाही म्हणायचे नाही.

आत्याच्या सामानात एक ट्रंक होती, ईडलिंबाच्या लोणच्याची बरणी होती आणि पितळेचे धुपाटणे होते. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत बायकांनी शुक्रवारी तेल लावून न्हायचे आणि मग ओले केस सांब्राणीच्या, म्हणजे उदाच्या, धुरावर धरून वाळवायचे, असा नेम आहे. आत्याने तो वयाच्या सातव्या वर्षापासून कधी मोडलेला नव्हता. नारळाच्या दोन करवंट्या गॅसवर पेटवायच्या, त्यांचे निखारे धुपाटण्यात घ्यायचे, वर सांब्राणीची पूड टाकायची, त्यावर वेताची टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर केस पसरून डोळे मिटून आडवे व्हायचे. तो वास आला की मला चौथीतल्या भागाकाराची आठवण होते. का ते ठाऊक नाही.

पहिल्या शुक्रवारी ती दिवाणखान्याच्या मधोमध अशी आडवी झाली आणि दुसऱ्याच मिनिटाला छतावरच्या डबीने किंकाळी फोडली. आत्या ताडकन उठून बसली. तिने पहिले काम केले ते म्हणजे हाताशी असलेला पाण्याचा तांब्या धुपाटण्यात उपडा केला. चर्रर आवाज झाला, राखेचा चिखल सगळीकडे उडाला, आणि डबी आणखीच जोरात ओरडू लागली. समोरच्या घरातल्या बाई दारात आल्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ वाळूची बादली घेऊन खाली उतरले.

"माझ्यामुळे ओरडलं का रे ते?" आत्याने विचारले. ओल्या केसांतून पाणी तिच्या पाठीवर ओघळत होते.

"छे, छे," मी म्हणालो. "त्याची बॅटरी नवी आहे. नव्या बॅटरीला असं होतं."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. वाळूवाल्या गृहस्थांनीही पाहिले. आत्याने मात्र मान हलवली. त्यानंतरचे दोन शुक्रवार तिने केस नुसतेच पंख्याखाली वाळवले. आम्ही विचारले तर म्हणाली, "इथल्या दमट हवेत धूप काय कामाचा? तंजावरला कसे झटकन वाळतात." आणि जेवणानंतर ती दिनदर्शिकेजवळ उभी राहून दीपावळीला किती दिवस उरले ते बोटांवर मोजताना मला दिसली.

मी घाबरलो. आत्याला 'धूप कर' म्हणायचे तर यंत्र ओरडणार. यंत्र काढायचे तर मुलगी ओरडणार. दोघींपैकी एकीशी स्पष्ट बोलावे, हा मार्ग दिसत असूनही मी त्याच्याकडे वळलो नाही. मी बरण्यांच्या फळीकडे वळलो.

लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधतात ते कापड, म्हणजे दादरा, ही आत्याची खास मालमत्ता होती. जुन्या लुगड्यांचे, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले चौकोनी दादरे ती दुहेरी शिवून जवळ बाळगत असे. बरणीत हवा जाऊ नये, मुंगी जाऊ नये, ओल जाऊ नये, यासाठी तिचा सगळा भरवसा या कापडावर होता आणि लहानपणापासून माझाही. शिवाय त्यात चोरटेपणाची सोय होती, कारण पांढरे कापड पांढऱ्या डबीवर दिसणार नव्हते, निदान आत्याच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तरी. गुरुवारी संध्याकाळी मी तिच्या ढिगातला एक दादरा उचलला. शुक्रवारी ती न्हायला गेल्यावर स्टुलावर चढलो. नाडी गोल डबीवर टिकेना, म्हणून मुलीचे केसांचे रबर लावले.

"अहो," खालून पत्नीचा आवाज आला, "छताला लोणचं घालताय का?"

"हळू बोल. आत्याला सांगू नकोस."

"आणि मुलीला?"

"तिलाही नको."

"मग मला तरी कशाला सांगितलंत?"

"सांगितलं नाही. तूच पाहिलंस."

ती हसत हसत स्टूल धरून उभी राहिली. नंतर मी आत्याला म्हणालो, की आज धूप करून बघ, त्या बॅटरीचे आता काही नाही. आत्याने साशंकपणे निखारे फुलवले. धूर उठला, दाटला, पंख्याच्या पात्यांपर्यंत गेला. छत गप्प राहिले.

"मुरली वाटतं बॅटरी," आत्या म्हणाली आणि डोळे मिटून आडवी झाली.

पुढचे काही शुक्रवार मी आयुष्यातले सुखाचे दिवस म्हणून मोजीन. धूप आटोपला की मी गुपचूप दादरा उतरवीत असे. त्या वासाने समोरच्या घरातल्या बाईंची सून आमच्याकडे येऊ लागली. तिला पाच महिन्यांची मुलगी होती. बाळाला न्हाऊ घातल्यावर सांब्राणीची धुरी देण्याची चाल तिच्या तमिळ घरातही होती, पण करणारे हात उरले नव्हते. आत्या भिंतीला टेकून पाय लांब सोडी, बाळाला मांडीवर घेई आणि तमिळमधून तिच्याशी भांडे. "एवढासा जावळाचा झुपका आणि वाळवायला मी? राणीसाहेब आहात का?" बाळ तिच्या नथीकडे हात नेई. सून तिला पाटी, म्हणजे आजी, म्हणे. ती हसून विचारी, "पाटी, दीपावळीनंतर तुम्ही गेलात तर हिचं काय?" आत्या हे ऐकून बाळाला थोपटू लागे, पण दिनदर्शिकेजवळ उभी राहणे तिने बंद केले होते. माझे लक्ष होते.

दीपावळीच्या आधीच्या आठवड्यात पावसाने जोर धरला. त्या शुक्रवारी सकाळपासून आडवा पाऊस लागला होता. आत्याने फर्मावले, की आज दिवाणखान्यात नको, बाळाला वारा लागेल. धूप आतल्या खोलीत, दार-खिडक्या लावून. आतल्या खोलीत दुसरी डबी होती. मी विचार केला तो असा: दोन्ही डब्या एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या, ओरडतातही सारख्याच, एकीला जे चालते ते दुसरीला चालावे. तेव्हा मी दुसरा दादरा काढला, दुहेरीचा चौहेरी केला आणि चौकोनी डबीला चांगला आवळून, गाठ मारून बांधला. बरणीला बांधतो तसाच. मग दिवाणखान्यात येऊन निवांतपणे शब्दकोडे सोडवायला बसलो.

पाऊण तास झाला असेल. आतल्या खोलीतून डबीचा आवाज आला. माझी पहिली समजूत अशी, की गाठ सुटली. आत जाऊन पाहतो तर गाठ जशीच्या तशी, आणि डबी दादऱ्याच्या आतून ओरडत होती. खोलीत धुराचा मागमूस नव्हता. सांब्राणी केव्हाच जळून गेली होती, नुसता वास रेंगाळत होता. धुपाटण्यात राखेखाली निखारे लाल होते. आत्याच्या मांडीवर बाळ झोपले होते, सून शेजारी भिंतीला टेकली होती.

"धूर तर केव्हाच सरला," आत्या म्हणाली. "आता ह्याची बॅटरी नवी का?"

सून हसली आणि तिने कपाळ दाबले. "माझं डोकं केव्हाचं जड झालंय," ती म्हणाली.

"तेल मुरतंय. माझंही झालंय," आत्या म्हणाली. "अरे, बंद कर ना ते. पोर उठेल."

डबीवर आवाज थांबवायचे बटण होते. आत्याने सांगितले आणि माझा हात तिकडे गेलाच. बोट दादऱ्यावर टेकले सुद्धा. त्या मऊ कापडातून बटण लागत होते आणि त्याच क्षणी मला कळले, की मी काय बांधून ठेवले आहे. ज्याला रंग नाही आणि वास नाही, त्याला दादरा काय अडवणार? आणि बाळ झोपले होते, की एवढ्या आवाजातही त्याला जाग येत नव्हती? मी हात मागे घेतला.

"आपण जरा बाहेर बसू या का?" मी म्हणालो.

हे मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो. त्या गोंगाटात ते मलाही ऐकू आले नाही. आत्या बाळाचे कान झाकत होती. आणि मग माझ्या पोटातून कुठून तरी असा आवाज निघाला, की तो माझा आहे हे ओळखायला मला क्षण लागला.

"बाहेर! उठा! अस्के बाहेर!"

'अस्के' म्हणजे सगळे. आमच्या तंजावरी बोलीतला हा शब्द मी शाळा सुटल्यापासून उच्चारला नव्हता. आत्या जन्मभर मला ओळखते. तिचे तोंड उघडेच राहिले. मी बाळाला उचलून सुनेच्या हातात दिले, आत्याला काखेत धरून जवळजवळ उचलले. पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली. तिने काही न विचारता गॅलरीचे दार आणि दिवाणखान्याच्या खिडक्या सताड उघडल्या, आणि आम्ही पाचही जण जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत येऊन उभे राहिलो. पावसाचे शिंतोडे अंगावर येत होते. सुनेने बाळाच्या गालावर बोटांनी हलकेच चापटी मारली. एकदा. दोनदा. मग बाळाने तोंड वाकडे केले आणि असा काही टाहो फोडला, की चारही मजल्यांची दारे उघडली. इतके गोड रडणे मी ऐकलेले नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचे रक्त तपासायला लावले, दोघींना आणि बाळाला काही वेळ प्राणवायू दिला, आणि दुपारनंतर घरी सोडले. "निखारे होते ना? धूर गेला की वायू गेला असं नसतं," त्या म्हणाल्या. "बंद खोलीत आणखी अर्धा तास बसला असतात तर मला काही वेगळंच सांगावं लागलं असतं. यंत्र होतं म्हणून बरं." यंत्राला काय बांधले होते ते मी त्यांना सांगितले नाही. पण सुनेला आणि तिच्या सासूबाईंना तिथल्या बाकावरच सगळे सांगितले आणि क्षमा मागितली. सासूबाईंनी बाळाचे पाऊल हातात धरले. मग म्हणाल्या, "ओरडलात हेही तुम्हीच ना?" एवढेच.

घरी आल्यावर मी दोन्ही दादरे काढून आत्यापुढे ठेवले आणि पहिल्या शुक्रवारपासूनची हकीकत सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"किती शुक्रवार?"

"सहा."

"सहा शुक्रवार तू स्टुलावर चढलास. ह्या वयात. पडला असतास म्हणजे?"

"हिने धरलं होतं स्टूल."

"म्हणजे हिलाही माहीत. म्हणजे माझ्याखेरीज अस्क्यांना माहीत." ती उठली, आत गेली आणि पलंगाखालून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. मी दारात जाऊन उभा राहिलो. ती लुगड्याच्या घड्या ट्रंकेत ठेवीत होती.

"आत्या, तुला अडचण व्हायची नव्हती म्हणून—"

"अडचण!" ती वळली. "पाहुणीला कोणी काही सांगत नाही रे. तिच्या तोंडावर गोड बोलायचं आणि मागून आवरायचं. घरच्या माणसाला सांगतात, हे करू नको म्हणून. ते पोर माझ्या मांडीवर होतं. माझ्या!" तिने आणखी एक घडी उचलली. "मला कोणी सांगितलं असतं तर मी काय ऐकलं नसतं?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"गेले असते. रागावून, दोन दिवस. मग आले असते." तिने हातातली घडी ट्रंकेवर आपटली. "आता सांग."

"काय?"

"जे सहा शुक्रवार सांगायचं होतं ते. सांग मला."

मी पत्नीकडे पाहिले. ती भिंतीकडे पाहू लागली. तिची मदत मिळणार नव्हती. मी घसा साफ केला.

"आत्या, घरात निखारा आणायचा नाही. धूप गॅलरीत करायचा, उघड्यावर."

"आणि दार?"

"गॅलरीचं दार लावलेलं. धूर आत येता कामा नये."

"पाऊस असला तर?"

"पाऊस असला तर नाही."

"नाही?"

"नाही."

"दीपावळीचं न्हाणं असलं तरी?"

माझ्या तोंडावर 'बघू' आले होते. "तरी नाही," मी म्हणालो. "आणि बाळाला धूप द्यायचा की नाही ते तिच्या आईला ठरवू दे. तू फर्मावायचं नाही."

आत्याने माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिले. मी पाढा चुकलो की नाही हे ठरवताना ती असेच पाहत असे. मग ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "फोन लाव."

"मुलीला?"

"तिच्याशी तू बोल, तिचं तुला ऐकायचंच आहे. मला तंजावरला लाव. शेजारच्या मास्तराला, किल्ली त्याच्याकडे आहे."

मी फोन लावून तिच्या हाती दिला आणि दिवाणखान्यात येऊन बसलो. मोठ्याने बोलले तरच इतक्या लांब पोचते, अशी तिची समजूत आहे, त्यामुळे सगळे ऐकू येत होते. आधी मास्तराच्या गुडघ्यांची चौकशी झाली, मग पावसाची. मग ती म्हणाली, "वरचा मजला भाड्यानं मागणारं ते नवं जोडपं अजून आहे का? त्यांना खालचाही दे. अडगळ तेवढी एका खोलीत लाव. नाही, नाही, मी दीपावळीनंतरही येत नाही. अरे, कसलं सुख, इथे फार शिस्त आहे. घरात निखारा नाही, पावसात धूप नाही, सणासुदीला सुद्धा सूट नाही. भाचा फार कडक आहे माझा."

पत्नीने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र वर धरले.